दिव्याला काठी मारायची नाही

माझा भाचा पुण्याला असतो. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करतो आणि रविवारी विश्रांती म्हणून परत कॉम्प्युटरच उघडतो. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा तो एका पडक्या किल्ल्यात हिंडत होता. हातात तलवार घेतलेला एक चिमुकला माणूस ह्या कठड्यावरून त्या कठड्यावर उड्या मारत होता, आणि तास झाला तरी कुठं पोचत नव्हता. मी न विचारताच भाच्यानं मला समजावून सांगायला घेतलं. म्हणे हा खेळांचा एक वेगळाच प्रकार आहे. ह्यात नुसतं उजवीकडं पळत सुटायचं नसतं. सगळा मुलूख पहिल्यापासून तिथंच असतो, पण अर्धी दारं बंद असतात. हिंडता हिंडता एखादी नवी वस्तू, नवी ताकद मिळते, आणि मग मागं येऊन जुनं दार उघडायचं असतं.

"आत्या, तुला नाही कळायचं," असं वर आणखी म्हणाला.

मला राग आला. ह्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, नाक पुसायला शिकला नव्हता तेव्हापासून मला हा प्रकार ठाऊक आहे. आमच्या घरी तो पाळीत चालायचा. सकाळची पाळी, सात ते साडेतीन, मधे जेवणाची सुट्टी.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. आम्ही प्रतापनगरात राहायचो. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, बाबा खाकी शर्ट घालून, डबा घेऊन तिच्यात चढायचे, आणि मग घर आमचं व्हायचं. त्या हिवाळ्यात कारखान्याला टाळं लागलं. युनियन आणि मालक ह्यांचं काय फाटलं ते आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. एवढंच कळलं की बस यायची बंद झाली आणि घर आता बाबांचं झालं.

टाळं लागल्याचं दुःख बाबांनी गिळलं असतं. पण लोकांना काय सांगायचं, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. शेजारी एक निवृत्त काका राहायचे, आमच्या दोघांच्या व्हरांड्यांमधे फक्त एक कमरेएवढी भिंत. दिवसभर ते खुर्ची टाकून बाहेर बसलेले असायचे आणि गल्लीत शिरणाऱ्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी करायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काहून हो, ड्युटी नाही काय?" बाबा म्हणाले, "लीव्ह शिल्लक होती." एकदा असं बोलून गेल्यावर बाबांची पंचाईत झाली. कोणाची लीव्ह इतकी शिल्लक असते? दोन महिने झाले, तीन झाले. मग त्यांनी व्हरांड्यात जाणंच सोडलं. भाजी आणायला आई, दळण आणायला मी, आणि बाबा समोरच्या खोलीत बनियनवर, अर्धी खिडकी लावून.

सगळ्या गल्लीला टाळ्याची खबर होती हे सांगायला नकोच. कोपऱ्यावर बस येत नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण बाबांना वाटायचं कोणालाच माहीत नाही, आणि गल्ली बिचारी त्यांच्यासाठी माहीत नसल्यासारखं करायची.

अशात आमचे मामा आले. ते बोटीवर होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि येताना सिंगापूरहून कोणाच्याही कामाच्या नसलेल्या वस्तू आणायचे. त्या वर्षी त्यांनी टीव्ही गेम आणला. तांबडा-पांढरा प्लास्टिकचा डबा, दोन वायरी, आणि वर खोवायची एकच कॅसेट, तीही जपानी भाषेतली. मामींनी तो घरात ठेवून घ्यायला साफ नकार दिला, म्हणून तो आमच्याकडं आला. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. रविवार सोडला तर दिवसभर त्याच्यावर बहुतेक मुंग्याच दिसायच्या, त्यामुळं कोणाची हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी चित्र सरकत होतं. धाकट्यानं टीव्हीला दोन थपडा मारल्या. बाबा कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठले, "सर बाजूले, भैताडा," म्हणाले, वायरी सोडवल्या, टोकं खरवडली, पुन्हा जोडल्या. चित्र स्थिर झालं. त्यात एक टोपीवाला माणूस हातात काठी घेऊन तळघरात उभा होता.

"हा कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"हिरो आहे."

"टोपी घालून तळघरात उतरला म्हणजे फिटर असंल," बाबा म्हणाले, आणि खाली मांडी घालून बसले.

ते जे बसले ते बसलेच. मला वाटतं, त्या खेळात दुसरं काही असतं, म्हणजे विमानं पाडायची असती किंवा गाड्या पळवायच्या असत्या, तर बाबा दहा मिनिटांत उठले असते. पण ह्या तळघरात बंद दारं होती. बाबांनी उभा जन्म बंद पडलेल्या गोष्टी चालू करण्यात घालवला होता, आणि बंद दार दिसलं की त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटायचं. "कुठंतरी इंटरलॉक आहे, आधी दुसरं काही सुटल्याबिगर हे सुटत नाही," ते म्हणायचे, आणि टोपीवाल्याकडून एकेका भिंतीवर काठी आपटून पाहायचे. ठक, ठक, ठक. एका ठिकाणी आवाज पोकळ आला आणि भिंत ढासळली. आत एक जोड बूट होते. ते घातल्यावर फिटर दुप्पट उंच उडायला लागला.

बाबांनी लगेच त्याला आल्या वाटेनं मागं वळवलं.

आई शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवत असायची. टाळं लागल्यापासून तिनं हे काम वाढवलं होतं. तिथून तिला पडदा दिसायचा. ती म्हणाली, "पुढं जाचं सोडून मांगं काहून जाऊन राहिले?"

"अवं, सुरवातीले एक कोनाडा दिसला होता वर. तेव्हा हात पोचत नव्हता. आता पोचते."

"एका कोनाड्यासाठी एवढं मांगं?"

"पुढं जाचं असंल तर मांगं जाच लागते इथी," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मला शिकवण्याचा सूर ऐकू आला. हेल्परांना शिकवताना ते असेच बोलत असतील.

तर अशी पाळी सुरू झाली. सकाळी सातला, म्हणजे बस यायची त्या वेळेला, बाबा खाकी शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. खाकी शर्ट का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. दुपारी आई ताट वाढायची, तर ते हलायचे नाहीत. बाराला जेवायची सवय आणि तीही डब्यातून. शेवटी एके दिवशी तिनं वैतागून पोळी-भाजी डब्यात भरली, झाकण लावलं आणि चार पावलांवर नेऊन त्यांच्यापुढं ठेवली. बाबांनी डबा उघडला, निमूट जेवले, झाकण लावून परत दिला. तेव्हापासून आई रोज सकाळी डबा भरायची. आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो, पण मोरीत जाऊन.

आम्हाला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. धाकटा आणि मी दोन्ही बाजूंना बसून नजर ठेवायचो. कुठून वटवाघूळ येतं, कुठला कठडा पायाखालून निसटतो, हे आम्हाला तोंडपाठ झालं. फिटर मेला की पडद्यावर जपानी अक्षरांचं एक अख्खं पान यायचं. धाकट्याचं म्हणणं तो मृत्यूचा दाखला आहे. बाबांचं म्हणणं कंपनीनं आभार मानलेत. मग आम्ही ते पान घालवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो.

एका गोष्टीवर मात्र घरात बंदी होती. त्या तळघराच्या भिंतींवर ओळीनं दिवे होते. पहिल्याच दिवशी धाकट्यानं एका दिव्यावर काठी उगारली आणि आतून मशीनचा आवाज थांबला. आई दारात उभी.

"दिव्याले काठी मारतो? भर सकाळी? देवापाशी?"

देव खरंच जवळ होते. टीव्हीच्या वरच फळीवर देवघर होतं.

"आई, तो खोटा दिवा आहे."

"तुले खोटा वाटला तरी आत काळोख खराच होईल ना? दिवा आपण फुंकत नाही, आणि तू काठीनं फोडून राहिला! माह्या घरात हे चालाचं नाही."

बाबा देवाबिवाचे फारसे नव्हते. एरवी त्यांनी वाद घातला असता. पण त्या दिवसांत घर आईच्या मशीनवर चाललं होतं आणि बाबा तिच्याशी जरा जपून वागायचे. ते म्हणाले, "राहू दे बेटा. दिवे राहू दे." झालं, नियम ठरला. फिटर दिव्यांसमोरून काठी खाली धरून जायचा. एकदा उडी मारताना चुकून काठी लागली तर धाकट्यानं पटकन कानाला हात लावला.

सगळं तळघर पालथं घालून झालं. वरचे कोनाडे झाले, पाण्याखालची वाट झाली, कुदळ मिळाली तशा मागच्या भिंती फोडून झाल्या. अखेर एका लांब दालनाच्या टोकाला दगडी दार लागलं, आणि ते काही केल्या उघडेना. बाबांनी भिंतन् भिंत ठोकली. मागं गेले, पुन्हा आले. बटण दाबलं नाही की तो टोपीवाला खाली बसून डुलक्या घ्यायचा, अशी त्यात एक गंमत होती. त्या दारासमोर तो कित्येक दिवस डुलक्या घेत बसला होता आणि त्याच्यासमोर बाबा, गालाला हात लावून. पाळीवर येऊन नुसतं बसायचं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. मला हसू येईना.

त्याच सुमारास दुसरंही एक चाललं होतं. बाबांच्या हाताखाली पूर्वी एक हेल्पर होता. त्यानं कारखाना कधीच सोडून कॉटन मार्केटकडं मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप टाकलं होतं. पाण्याच्या मोटारी, पंख्यांच्या मोटारी. त्यानं दोनदा निरोप पाठवला की उस्ताद, माझ्याकडं या, उन्हाळ्यात काम आवरत नाही. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, बघू. आई निरोप आला की बाबांच्या तोंडाकडं पाहायची आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसायची. बघू म्हणजे नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

रविवारी मामा सावजी रस्सा खायला आले. आईच्या हातच्या रश्श्यानं त्यांच्या कपाळावर घाम आणि तोंडावर समाधान आलं. हात धुऊन ते टीव्हीसमोर बसले आणि दगडी दार पाहून म्हणाले, "इथंच अडकले? दिवे फोडले काय?"

आम्ही तिघांनी एकदम आईकडं पाहिलं.

"अरे, बोटीवरच्या आमच्या पोट्ट्यानं पूर्ण केला ना हा गेम. ह्या दालनातले सारे दिवे फोडाचे. एकेका दिव्यातून निखारा पडते. सारे निखारे जमले की दार उघडते. सोपं आहे." मग त्या जपानी पानाचा विषय निघाल्यावर त्यांनी आणखी एक बॉम्ब टाकला. ते पान म्हणजे दाखला नव्हता की आभार नव्हते. ती अक्षरं उतरवून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू करता यायचं.

"म्हणजे आपण रोज फुकट पहिल्यापासून करून राहिलो?" धाकटा रडकुंडीला आला.

बाबा मात्र म्हणाले, "बरं झालं गा. नाहीतर दिवसभर केलं काय असतं?"

मामा हसले. आई हसली नाही.

मामा गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्या वडिलांना कोणाकडं काही मागताना मी पाहिलं नव्हतं. ते भिंतीच्या पोपड्याकडं पाहत म्हणाले, "एकच डाव. ते दिवे... पोट्ट्यांची इच्छा आहे."

आई भांडी विसळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "फोडा. मी काही म्हणणार नाही. पण उद्या सोमवार आहे. उद्या वर्कशॉपात जाऊन या. मग फोडा."

बाबा चिडले. इतक्या महिन्यांचा साठलेला राग होता तो. "त्या पोट्ट्याले पाना धराले मी शिकवलं! माह्या हाताखाली होता थो. आता मी त्याच्या हाताखाली जाऊ? उलटा? मांगं?"

"हो, मांगं," आई म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "तुमचा तो टोपीवाला दिवसभर मांगंच जाऊन राहिला. त्याची कुठं इज्जत गेली? उलट तुम्हीच त्याचं कौतुक करता. नवे बूट भेटले, मांगं गेला. कुदळ भेटली, मांगं गेला. आणि तुम्ही मात्र दारापुढं बसून राहाल!"

 बाबा समोरच्या खोलीत गेले. टीव्ही चालूच होता आणि टोपीवाला बसून पेंगत होता. बाबांनी त्याला उठवलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही उठलो तर टीव्हीचं शटर बंद. खुंटीवर खाकी शर्ट नव्हता, ओट्यावर डबा नव्हता. मागच्या दारानं सायकल काढून बाबा गेले होते, काकांच्या व्हरांड्यापुढून जायला नको म्हणून. आई मशीनवर बसली होती, पण शिवण काही उरकत नव्हतं. तिनं एकच बाही दोनदा उसवली.

"आई, आता फोडू दिवे?" धाकट्यानं विचारलं.

"खबरदार. त्यांना येऊ दे."

दिवसभर आम्ही त्या बंद शटरसमोर बसून होतो. खेळायला परवानगी होती, दिवे सोडून काहीही करता आलं असतं. पण बाबांशिवाय त्या तळघरात उतरावंसं वाटेना. दुपारी ऊन मी म्हणत होतं. मला भीती वाटत होती की ते वाटेतूनच परत येतील, आणि मग पुन्हा खाकी शर्ट घालून इथं बसतील, आणि ह्या वेळी आई डबा भरणार नाही.

संध्याकाळी मागच्या दाराशी सायकल टेकल्याचा आवाज आला. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "रॉकेल दे वं थोडं." ग्रीस साबणानं जात नाही, आधी रॉकेलनं हात पुसावे लागतात. कित्येक महिन्यांत आमच्या घरात तो वास आला नव्हता. आईनं वाटीत रॉकेल आणि हातात चिंधी दिली. ते हात पुसत होते तेव्हा ती तिथंच उभी राहून त्यांच्या हातांकडं पाहत होती. 

मग म्हणाली, "चला. फोडा आता."

पण आईनं पूर्ण हार मानली असं कोणी समजू नये. आम्ही दालनापर्यंत पोचेस्तोवर तिनं माळ्यावरून दिवाळीच्या पणत्यांची टोपली खाली काढली होती. वाती तयार, तेलाची बुधली शेजारी. बाबांनी पहिल्या दिव्याला काठी मारली. दिवा फुटला, निखारा पडला, पडद्याचा तेवढा भाग काळा झाला. आईनं त्याच क्षणी देवापुढं एक पणती लावली.

"हे काय?"

"तिथं एक विझला तर इथं एक लागला पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते."

दालन लांब होतं. बाबा दिवा फोडायचे आणि थांबायचे. आई पणती लावायची आणि "हं" म्हणायची. मग पुढचा दिवा. फळीवर जागा उरली नाही तेव्हा मी पणत्या खिडकीत नेऊन ठेवल्या. खिडकी भरली तेव्हा धाकटा त्या व्हरांड्यातल्या भिंतीवर मांडायला लागला. पडद्यावर काळोख वाढत होता आणि आमच्या घराला भर वैशाखात रोषणाई चढत होती. उकाड्यानं आम्ही घामाघूम झालो होतो.

बाहेरून काकांचा आवाज आला. "काय हो, आज कोणती दिवाळी?"

बाबांचा हात थांबला. धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, सांग बाबा घरी नाहीत. त्यांनी कंट्रोल धाकट्याच्या हातात दिला, उठले, आणि सरळ व्हरांड्यात गेले. आम्ही दारातून पाहत होतो. ते त्या पणत्यांच्या ओळीपाशी उभे राहिले.

"लीव्ह नव्हती, काका," ते म्हणाले. "कंपनीले टाळा लागला. हिवाळ्यातच लागला. आजपासून दुसरीकडं जाऊन राहिलो. माहा जुना हेल्पर आहे, त्याच्या वर्कशॉपात."

काका खुर्चीतून उठले. पणत्यांच्या उजेडात मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं, आणि ते जरा ओशाळलेलं होतं.

"माहीत होतं ना बापा," ते म्हणाले. "आम्ही वाटच पाहून राहिलो होतो, तुम्ही कधी सांगता याची. या, बसा. चहा घेता?"

बाबा भिंत ओलांडून गेले. फाटकानं नाही, भिंतीवरून, पणत्यांमधली जागा बघून अलगद पाय टाकत. आई आतून "अहो, धोतर पेटंल, धोतर!" म्हणून ओरडली. खरं तर त्यांनी पँट घातली होती.

ते चहा घेऊन परत आले तेव्हा धाकट्यानं शेवटचा दिवा बाबांसाठी राखून ठेवला होता. बाबांनी तो फोडला, आईनं शेवटची पणती लावली, आणि दगडी दार घरघरत वर गेलं. आम्ही तिघंही पुढं सरकलो. दारापलीकडं एक नवं दालन होतं, आणि त्याला आणखी तीन दारं होती. तिन्ही बंद.

"बाबा, चला ना आत!"

बाबांनी ती दारं बोटानं मोजली. मग हात लांब करून त्यांनी खेळाचं मशीन बंद केलं.

धाकटा किंचाळला. अक्षरांचं पान उतरवलं नव्हतं. दिवे, निखारे, बूट, कुदळ, संध्याकाळभराची सारी कमाई गेली होती.

"काहून बंद केलं? आता पुन्हा पहिल्यापासून करा लागंल!"

"मग करू," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून करता येते आपल्याले." ते शटर ओढायला उठले. "पण रविवारी. उद्या मले ड्युटी आहे."